रेट्रो सूर, रेट्रो चित्र: कारागीर कोणता आणि फिल्टरबाज कोणता?

फीतकरी (धागाकर्ता)

एकट्याने गाणी रचणारे, वाजवणारे, वर त्यांचे व्हिडिओही स्वतःच करणारे बरेच इंडी कलाकार सध्या १९८०च्या आगेमागचा आवाज धरून बसलेत. सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) धुकट कोरस (एकच आवाज अनेकांचा भासवणारा इफेक्ट), मध्येच तुटणारा स्नेअर ड्रम, कॅसेटची सूंसूं, पडद्यावर व्हीएचएस या घरगुती व्हिडिओ फितीची थरथर. काहींच्या कामात माणूस गुंततो. काहींच्या बाबतीत दहाव्या सेकंदाला कळतं की वरून रंग फासलाय.

माझं मत: जुन्या आवाजाची गंमत जुन्या यंत्रांच्या अडचणींत आहे. व्हायोलिनांसारख्या वाद्यांचे सूर फितीवर साठवून वाजवणाऱ्या मेलोट्रॉन या कीबोर्डचं एम४०० मॉडेल घ्या. ३५ पट्ट्या, प्रत्येकीखाली आपली वेगळी फीत, आणि फीत जेमतेम ८ सेकंदांची. ८ सेकंद झाले की स्वर बंद. पट्टी सोडायची, फीत मागे जाऊ द्यायची, मग पुन्हा दाबायची. ७० बीपीएमच्या (मिनिटाला ७० ठोक्यांच्या) गाण्यात हे चार मात्रांच्या सव्वादोन आवर्तनांच्या आसपास येतं. म्हणून लांब स्वरमेळ धरताना बोटं आळीपाळीने उचलावी लागत. आजच्या गाण्यात त्याच व्हायोलिनांचा स्वरमेळ १५ सेकंद अखंड वाजला तर आवाज तोच राहतो, पण ती धांदल जाते. ज्याला हे उमगलंय तो प्लगइन (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) वापरूनही बोटं उचलतो.

तर अशा कलाकाराला दाद देताना तुम्ही नेमकं काय ऐकता, काय बघता, चित्रातून गोष्ट सांगितली जाते का? कलाकारांची नावं नकोत, खुणा सांगा. नावं आली की धाग्याचा फॅन क्लब होतो.

तिरकस

पहिली खूण: थंबनेलवर जांभळा सूर्यास्त, खाली चमकणारी जाळी आणि दोन ताडाची झाडं. पुढे ऐकायचं कारण नाही.

चुंबकसूची

मी आधी सूर किती हलतो ते ऐकतो. फीत हलली की स्वर हलतो, पण त्यात दोन जाती आहेत. वॉव म्हणजे संथ डुलणं, सेकंदाला एखादं-दुसरं. फ्लटर म्हणजे बारीक थरथर, सेकंदाला सहा-आठपासून पुढे कितीही. प्लगइनच्या तयार प्रीसेटमध्ये हे दोन्ही इतकं वाढवलेलं असतं की गाण्याला बोट लागल्यासारखं वाटतं.

हिशोब सोपा आहे. वेगात १ टक्का फरक पडला तर स्वर १७ सेंट सरकतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). धडधाकट कॅसेट डेकची डुलणी ०.१ टक्क्याच्या आसपास असे, म्हणजे दोन सेंटसुद्धा नाही. ती सूर हलला म्हणून कळत नाही, फक्त लांब स्वर जिवंत वाटतो. २० सेंटचा हेलकावा म्हणजे पट्टा सैल झालेला किंवा पिंच रोलर (फीत दाबून धरणारं रबरी चाक) कडक झालेला डेक. तो हवा असेल तर जरूर वापरा, पण गाण्यात त्याला कारण असू द्या.

करून बघणाऱ्यांसाठी: वॉव ०.५ ते १ हर्ट्झ, खोली ४ ते ६ सेंट. फ्लटर ७ ते १० हर्ट्झ, खोली १ ते २ सेंट. दोन्ही लाटा नियमित ठेवू नका, वेग थोडा भटकू द्या. आणि हे मास्टरवर (पूर्ण मिश्रणावर) एकदाच. प्रत्येक ट्रॅकवर वेगवेगळं लावलं की बेस एकीकडे आणि गायक दुसरीकडे सरकतो. एका फितीवर असं होऊच शकत नाही, कारण सगळे ट्रॅक एकाच कॅप्स्टनवरून (फीत ओढणाऱ्या दांडीवरून) जातात.

वाचनमात्र

मास्टरवर एकदाच, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

सहावा ऑपरेटर

सिंथबद्दल दोन शब्द (दोन राहणार नाहीत, क्षमस्व).

रोलँड जुनो-६०, १९८२. एका वेळी फक्त सहा स्वर. सातव्याला जागा नाही. रिलीज (पट्टी सोडल्यावर स्वर विरायला लागणारा वेळ) लांब ठेवला तर नवा स्वरमेळ जुन्याची शेपटी कापतो, आणि ती कात्री ऐकू येते. दुसरं म्हणजे त्याच्या पट्ट्यांना व्हेलॉसिटी नाही. हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. भाव आणायचा तर फिल्टरच्या दांडीवर हात हवा. म्हणून जुनोसारखा पॅड (मागे पसरलेला लांब स्वरमेळ) वाजवताना प्लगइनमधली व्हेलॉसिटी बंद करा, पॉलिफनी (एका वेळचे स्वर) ६ करा आणि फिल्टर हाताने फिरवत रेकॉर्ड करा. एवढ्याने जो फरक पडतो तो महागडं प्लगइन घेऊन पडत नाही.

कोरसचंही तसंच. त्यात दोन डिले रेषा (आवाज किंचित उशिरा सोडणाऱ्या) असतात, एकीचा वेळ वाढतो तेव्हा दुसरीचा घटतो, म्हणून आवाज दोन्ही बाजूंना पसरतो. पण मोनोत बेरीज केली की तो आकसतो. बेसवर कोरस लावून फोनच्या स्पीकरवर बेस गायब झाल्याच्या तक्रारी याच कारणाने येतात. बेस कोरडा ठेवा.

याच्या उलट यामाहा डीएक्स७, १९८३. १६ स्वर, ६ ऑपरेटर (आवाज घडवणारे लहरी-जनक), ३२ अल्गोरिदम (ते जोडण्याच्या तऱ्हा), आणि व्हेलॉसिटी हाच त्याचा प्राण. त्याचा इलेक्ट्रिक पियानो हळू दाबला तर काचेसारखा, जोरात दाबला तर खणखणीत. मिडीत (स्वरांच्या डिजिटल नोंदीत) सगळे स्वर १०० व्हेलॉसिटीला ठेवून डीएक्स७चा पियानो लावणारा कलाकार मला दोन ओळींत कळतो.

मोनोप्रेमी

जरा असहमत. ऐकणाऱ्याला जुनोच्या पॉलिफनीशी काय देणंघेणं? सहा स्वर मोजत गाणं ऐकणारा माणूस गाणं ऐकतच नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८२च्या ‘नेब्रास्का’ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: चार ट्रॅकच्या टास्कॅम पोर्टास्टुडिओ १४४वर केलेला कच्चा आराखडा होता, तोच शेवटी अल्बम म्हणून आला. तिथे रेट्रो व्हायचा विचारही नव्हता, हाताशी होतं ते वापरलं. आजचा रेट्रो कलाकार अडचण मुद्दाम विकत आणतो. मग ती अडचण कसली, ती वेशभूषा.

फीतकरी

@मोनोप्रेमी, वेशभूषा म्हणा हवं तर. पण नट वेशभूषेत कसा चालतो यावरच आपण दाद देतो ना? जड कपडे घातलेला माणूस वेगळा चालतो. तुमचंच उदाहरण घ्या. चार ट्रॅक म्हणजे पाचवं वाद्य घालायचं तर आधीच्या तिघांचं मिश्रण चौथ्यावर उतरवायचं आणि ते तीन मोकळे करायचे. उतरवलेलं परत सुटं होत नाही. त्यामुळे गिटार किती मोठी ठेवायची हे गायक गाण्याआधी ठरवावं लागतं. असा निर्णय पक्का करून पुढे गेलेलं गाणं ऐकताना मोकळं वाटतं. आज ९० ट्रॅक शेवटपर्यंत उघडे ठेवणाऱ्यांच्या गाण्यात तो मोकळेपणा सहसा नसतो.

मोनोप्रेमी

हे मान्य. पण मग तो कलाकार रेट्रो म्हणून नाही, निर्णय घेतो म्हणून आवडतो.

चुंबकसूची

उतरवण्याबद्दल पुरवणी. प्रत्येक उतरवणीत सूंसूं साचते. सारख्याच पातळीचे दोन असंबद्ध आवाज मिसळले की ३ डीबी (डेसिबल) वाढ, चार मिसळले की ६. म्हणून जुन्या चार-ट्रॅक रेकॉर्डिंगमध्ये आधी वाजवलेली वाद्यं बोथट आणि धुरकट, सगळ्यात शेवटी आलेला गायक स्वच्छ. हा दूर-जवळपणा घुमाऱ्यावाचून (रिव्हर्बवाचून) तयार होतो. नकली कामात सूंसूं सगळ्यांवर सारखी पसरलेली असते, आणि गाणं थांबलं की तीही शिस्तीत थांबते! फितीची सूंसूं पहिल्या ठोक्याच्या आधी सुरू होते आणि शेवटचा स्वर विरल्यावरही राहते.

धडामधूम

कोणी स्नेअरचं नाव घेतल्यासारखं वाटलं.

मध्येच तुटणारा घुमारा, म्हणजे गेटेड रिव्हर्ब, जगाला माहीत झाला तो पीटर गॅब्रिएलच्या १९८०च्या तिसऱ्या अल्बमपासून. ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम. स्टुडिओतल्या वादकाचं बोलणं कन्सोलवर ऐकण्यासाठी जो माइक होता त्याला जबरदस्त काँप्रेसर (मोठे आवाज दाबणारं यंत्र) जोडलेला होता, त्यातून ड्रम ऐकू आले आणि सगळे चमकले. म्हणजे मूळ चव खोली आणि काँप्रेसरची आहे, गेट (आवाज ठरल्या क्षणी कापणारं यंत्र) नंतरचा. आजच्या नकलांमध्ये नेमका काँप्रेसर विसरतात.

कृती: स्नेअर कोरडा ठेवा. सेंडवर (स्नेअरची प्रत जाते त्या वेगळ्या वाहिनीवर) दोन सेकंदांचा रूम रिव्हर्ब, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा वेळ) शून्य. त्यानंतर काँप्रेसर, ८:१ किंवा जास्त, चांगला १० डीबी दाबेल असा. त्यानंतर गेट. आणि इथे बहुतेक जण चुकतात: गेटची किल्ली (उघडायचा इशारा) कोरड्या स्नेअरवरून द्यायची, घुमाऱ्यावरून नाही. घुमाऱ्यावरून दिली तर गेट शेपटीत फडफडतो. होल्ड (गेट उघडा राहण्याचा वेळ) गाण्याच्या लयीवरून काढा. ११० बीपीएमला एक मात्रा ५४५ मिलिसेकंद, अर्धी २७३. होल्ड २५०, रिलीज २०. म्हणजे पुढचा हायहॅट येण्याआधी दार बंद. होल्ड ४०० झाला की हायहॅट घुमाऱ्यात बुडतो आणि लय खेचल्यासारखी वाटते.

आणि हो, या आवाजासोबत झांजा कमी वाजवा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या नव्हत्याच.

तिरकस

धडामधूमरावांचा प्रतिसादही शेवटी पटकन बंद झाला. किल्ली बरोबर दिलेली दिसते.

निळी रेघ

आवाजवाल्यांनी धागा पळवला. शीर्षकात चित्रही आहे.

व्हीएचएसचं नाव सांगून जे फिल्टर फिरतात त्यातले बरेचसे व्हीएचएस नव्हेतच. लाल-निळ्या कडा फाटलेल्या दाखवतात, तो भिंगाचा दोष, फितीचा नाही. व्हीएचएसमध्ये उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदले जातात. उजेडाचा तपशील आडव्या दिशेने साधारण २४० रेषा, रंगाचा जेमतेम ४० च्या घरात. म्हणून चेहऱ्याची कड बऱ्यापैकी दिसते, पण ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सांडतो, आणि सांडतो तो आडवा. उभ्या दिशेने तेवढा नाही. फिल्टर मात्र चारी बाजूंना सारखं धूसर करतो.

घरी करायचं तर: क्लिप वायसीबीसीआरमध्ये (उजेडाची एक आणि रंगाच्या दोन वाहिन्यांत) फोडा, वाय वाहिनी आडवी हलकी धूसर, सीबी-सीआर आडव्या दिशेने पाच-सहापट जास्त धूसर, वर त्यांना काही पिक्सेल उजवीकडे सरकवा. मग उजेडाच्या कडांवर थोडा कृत्रिम धारदारपणा द्या, कारण यंत्रंही तो देत. तळाच्या काही ओळी आडव्या तिरक्या झालेल्या हव्यात, ती हेड (फीत वाचणारा चुंबक) बदलण्याची जागा. टीव्हीच्या चौकटीत ती झाकली जायची, फाइल करताना उघडी पडते. पांढरे डाग आले तर ते आडव्या शेपटीचे, गोल ठिपके नव्हेत.

पण याहून मोठी चूक हालचालीची. कॅमकॉर्डर सेकंदाला ५० किंवा जवळपास ६० फील्ड (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेम) टिपतो. हालचाल गुळगुळीत दिसते. लोक २४ फ्रेममध्ये शूट करतात आणि वर व्हीएचएस चढवतात. मेंदूला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. ५० किंवा ६० फ्रेममध्ये शूट करा, इंटरलेस करा (दोन फील्ड गुंफून एक फ्रेम), मग प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करून ५० किंवा ६० फ्रेमचीच फाइल चढवा. इंटरलेस फाइल तशीच चढवली तर कडांना कंगव्यासारखे दात येतात.

वाचनमात्र

आणि फिल्म? सुपर ८ म्हणजेही असंच काही का?

गेटमधलं केस

अजिबात नाही, आणि दोन्ही एकाच शॉटवर चढवणाऱ्यांना दंडवत. फिल्मचे दाणेही आणि फितीच्या ट्रॅकिंगच्या रेघाही! (फिल्म टेलिसिने यंत्रावरून व्हिडिओ फितीवर उतरवली असेल तर होतं तसं, पण मग क्रम पाळा: आधी दाणे, मग रंग सांडणं. दाण्यांचाही रंग सांडला पाहिजे.)

सुपर ८ कोडॅकने १९६५ साली आणलं. काडतुसात ५० फूट फिल्म, फुटाला ७२ फ्रेम, एकूण ३६००. सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद, २४ ने अडीच मिनिटं. म्हणजे साडेतीन मिनिटांच्या गाण्याला एका काडतुसात जागाच नाही. तीनास एक इतकं शूट (लागेल त्याच्या तिप्पट) धरलं तरी २४ फ्रेमने पाच काडतुसं लागतात. त्यामुळे खऱ्या सुपर ८च्या व्हिडिओत शॉट कमी, विचार करून घेतलेले.

ओठ जुळवणं ही दुसरी पंचाईत. बहुतेक सुपर ८ कॅमेऱ्यांना क्रिस्टल सिंक (वेग नेमका राखणारं स्फटिक) नाही, वेग हळूहळू घसरतो. सलग गायलेला शॉट दहा-पंधरा सेकंदांत ओठांपासून सुटू लागतो. म्हणून जाणकार गायकाला पाठमोरा ठेवतात, हात दाखवतात, किंवा गातानाचे तुकडे चार सेकंदांच्या आत कापतात. या दोषानेच एक शैली घडवली: गाणारा गात नाही, आणि गाणं त्याच्या डोक्यात चाललंय असं वाटतं.

डिजिटलवर करता येणारी एक युक्ती: ४८ फ्रेमने शूट करा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावा, कलाकाराने त्या वेगात ओठ हलवायचे. २४ ने चालवलं की ओठ गाण्याशी जुळतात, पण केस, कपडे, धूर सगळं तरंगतं. दुप्पट अवघड जात असेल तर ३६ फ्रेम आणि दीडपट वेग. शब्द भराभर असलेल्या गाण्याला हे करू नका, जीभ वळत नाही आणि ते दिसतं.

दिव्यांभोवतीचं तांबूस वलयही इथलंच. उजेड थर भेदून खाली जातो, तळावरून परततो, आणि लाल रंगाचा थर सगळ्यात खाली असल्याने त्याला आधी सापडतो. म्हणून वलय तांबडं. निळं वलय दिसलं तर समजा की कोणी स्लायडर चुकीचा ओढलाय.

तिरकस

‘गेटमधलं केस’ (फिल्म कॅमेऱ्याच्या खिडकीत अडकतो तो) हे नाव घेऊन कोणीतरी सुपर ८वर लिहिणारच होतं.

सहावा ऑपरेटर

अवांतर: खरोखर कॅसेटवरून फिरवून आणायचं असेल तर काय करायचं? प्लगइनची चर्चा फार झाली.

चुंबकसूची

आधी हेड आणि कॅप्स्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाची काडी स्वच्छ निघेपर्यंत. डॉल्बी (सूंसूं कमी करणारी यंत्रणा) बंद. टाइप १ (साध्या) फितीवर मीटरची सुई थोडी लालमध्ये गेली तर चालतं, ठोके गोल होतात. जास्त गेली की आधी वरच्या पट्टीचा आवाज दबतो, आणि ‘स’ थुंकल्यासारखा येतो. अजिमुथ (हेडचा फितीशी कोन) तपासा. मोनो करून ऐका, वरचा आवाज गायब झाला तर हेड तिरकं आहे.

आता खरी अडचण. डेकचा वेग नेमका नसतो. अर्धा टक्का फरक म्हणजे २०० सेकंदांच्या गाण्यात पूर्ण एक सेकंद. म्हणून सुटे ट्रॅक कॅसेटवर पाठवून परत जुळवायला जाऊ नका, पूर्ण मिश्रण पाठवा. सुटा ट्रॅकच हवा असेल तर गाण्याआधी आणि नंतर एकेक टिक वाजवा. परत आणल्यावर दोन टिकांमधलं अंतर मूळ अंतराएवढं करा, पण टाइम-स्ट्रेचने नाही, वेग बदलूनच. स्ट्रेच केलं तर ठोके चिरडतात, आणि सूर सरकलेलाच राहतो. मधली डुलणी तरीही उरेल. ती हवी म्हणून तर एवढा खटाटोप.

मोनोप्रेमी

अवांतरावर अवांतर: डॉल्बी बी लावून रेकॉर्ड करा आणि वाजवताना बंद ठेवा. वरचा आवाज उचलला जातो, विशेषतः हळू भागात. मागून साथ देणाऱ्या गायकांच्या आवाजांवर छान लागतं. (हो, मीच. वेशभूषा माझीही आहे.)

फीतकरी

स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

वाचनमात्र

सगळं तंत्र झालं. पण धाग्यात चित्रातून गोष्ट सांगण्याचा मुद्दा होता, तो कुठे गेला? दाणे आणि रेघा म्हणजे गोष्ट नव्हे.

निळी रेघ

रास्त प्रश्न. दोष गोष्टीत कामाला लागतो का, एवढं मी बघते.

व्हीएचएसमध्ये पॉज केलं की फीत थांबते, पण हेडचा ढोल फिरतच राहतो, पाल या टीव्ही पद्धतीच्या यंत्रात मिनिटाला १५०० फेऱ्या. फितीचा तोच तुकडा घासला जातो. म्हणजे ज्या फ्रेमवर पुन्हा पुन्हा थांबलात तीच सगळ्यात आधी झिजते. आता असा व्हिडिओ कल्पा: घरगुती चित्रीकरण, बहुतेक भाग स्वच्छ, आणि एका बाईने वळून बघितलेला तेवढाच दीड सेकंद खराब, पांढऱ्या शेपट्यांनी भरलेला. कोणीतरी तिथे कितीदा थांबलंय, हे न सांगता कळतं. ज्याने खराबी व्हिडिओभर सारखी पसरली त्याने ही संधी घालवली.

आवाजही त्याच ठिकाणी बिघडला पाहिजे. साध्या व्हीएचएसचा मोनो आवाज फितीच्या काठावर असतो आणि तो स्थिर हेड वाचतं, त्यामुळे काठ चुरगळला असेल तर चित्र बरं राहून आवाज मात्र बुडतो. हाय-फाय ट्रॅक फिरत्या हेडनेच वाचला जातो, तो चित्राबरोबर जातो आणि जाताना गुरगुरतो. गोष्टीला कोणता हवा ते कलाकाराने ठरवायचं.

धडामधूम

हे वाचून स्नेअर बाजूला ठेवला.

सहावा ऑपरेटर

याच धर्तीचं एक: गाणं आधी फ्रेममधल्या छोट्या टीव्हीतून ऐकू येतं. ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं, मोनो, खोलीचा थोडा घुमारा. ध्रुवपदाच्या पहिल्या ठोक्याला बेस येतो, स्टिरिओ उघडतो आणि त्याच फ्रेमला ४:३ चं चित्र रुंद होतं. नेहमीची युक्ती आहे, पण नव्वद टक्के वेळा ठोका आणि फ्रेम जुळत नाहीत. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. चित्र ठोक्याच्या एक फ्रेम आधी उघडलं तर चालतं, नंतर उघडलं तर चूक दिसते.

मोनोप्रेमी

नव्वद टक्के कुठून आणले?

सहावा ऑपरेटर

हवेतून. ह.घ्या.

गेटमधलं केस

करणाऱ्यांसाठी एवढंच, कारण याच टप्प्यावर सगळी मेहनत पाण्यात जाते. ४:३ करताना काळे पट्टे चित्रात भाजू नका, फाइलच १४४०×१०८० ठेवा. दाणे आणि खरखर कोडेकला (व्हिडिओ आक्रसणाऱ्या प्रोग्रॅमला) सगळ्यात जड, कारण प्रत्येक फ्रेम नवी. यूट्यूबची २४ ते ३० फ्रेमच्या १०८०साठी शिफारस ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे, तेवढ्यात दाण्यांचे चौकोनी ठोकळे होतात. दाणे चढवल्यावर चित्र २१६०पर्यंत मोठं करा आणि ३५ ते ४५ एमबीपीएसने चढवा. आणि दाणे मधल्या छटांत ठेवा. गडद काळ्यात घातले की ठोकळे आधी तिथे दिसतात.

फीतकरी

@मोनोप्रेमी, तुमच्या मुद्द्यावर परत येतो. सहा स्वर मोजत गाणं ऐकू नये हे खरं. पण निळी रेघ यांचा तो झिजलेला दीड सेकंद पॉजने फीत घासते हे माहीत असलेल्यालाच सुचला, आणि बघणाऱ्याला ते माहीत नसलं तरी लागतो. यापुढे एकदा चित्र बंद करून आणि एकदा आवाज बंद करून बघणार आहे. दोन्ही वेळा तीच जागा दुखली तर कारागीर.

मोनोप्रेमी

आणि एकदाच दुखली तर?

फीतकरी

तर निम्मा. निम्मेही फार नसतात.

तिरकस

म्हणजे ताडाची झाडं पॉज करून झिजवली तर चालतील?

निळी रेघ

चालतील. पण पॉजमध्ये आडवा खरखरीत पट्टा झाडावरून गेला पाहिजे, आणि तळाच्या ओळी तिरक्या हव्यात. सूर्यास्त मात्र काढा.